अहिराणी बोलणारी काळी खिडकी

जळगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी लागले तेव्हा माझ्या पदाचं नाव कॉम्प्युटर ऑपरेटर असं होतं. प्रत्यक्षात जे काही विजेवर चालायचं आणि बिघडायचं, ते सगळं माझ्याकडे यायचं. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला हाक, तपासणीच्या खोलीतली अक्षरांच्या फलकामागची ट्यूब फडफडली तरी मलाच हाक. दवाखाना एका ट्रस्टचा होता. मुख्य इमारत जळगावात, आणि धुळ्याला व मुक्ताईनगरला दोन लहान केंद्रं. खेडोपाडी शिबिरं व्हायची, मोतीबिंदूची माणसं जीपमधून आणली जायची आणि डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत सोडली जायची. प्रत्येकाची नोंद कॉम्प्युटरमध्ये असे. कुठला डोळा, कुठल्या नंबरचं भिंग बसवलं, साखर आहे का, कुठलं औषध सोसत नाही. ही माहिती गेली तर माणूस पुन्हा समोर येईपर्यंत काहीच कळायचं नाही, आणि शिंदखेड्याच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावरचा म्हातारा पुन्हा समोर येईलच असं कुणी सांगू शकत नव्हतं.

म्हणून रोज त्या माहितीची नक्कल काढून ठेवायची असा डॉक्टरांचा हुकूम होता. आमचे मोठे डॉक्टर स्वभावाने शांत, पण या एका गोष्टीवर चिडायचे. संध्याकाळी निघताना ते माझ्या टेबलाशी थांबून एवढंच विचारायचे, "ताई, नक्कल झाली?"

जळगावचं मी करत होते. मुक्ताईनगरला नोंदणीला बसणारे भाऊ हुशार होते, तेही करत. अडत होतं ते धुळ्याला. धुळ्याच्या खिडकीवर नोंदणीला अक्का बसायच्या. आधी त्या वॉर्डात मदतनीस होत्या, गुडघे धरले म्हणून त्यांना खुर्चीचं काम दिलं होतं. नाव, गाव, वय टाइप करणं त्यांनी शिकून घेतलं होतं, पण नक्कल काढायची म्हणजे वेगळं सॉफ्टवेअर उघडा, इंग्रजीतल्या चौकटींतून वाट काढा, कुठली तरी खूण करा, दुसरी काढा. त्यांना त्याची धास्ती वाटायची. चुकून भलत्याच ठिकाणी बोट पडलं आणि सगळं पुसलं गेलं तर? त्यामुळे नक्कल निघायची नाही आणि विचारलं की अक्का दुसराच विषय काढायच्या. डॉक्टरांनी मला सांगितलं, एकदा जा आणि शिकवून ये.

एसटीने एरंडोल, पारोळा करत मी धुळ्याला पोचले. उन्हाळा सुरू व्हायचा होता, पण बसच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. अक्कांनी मला पाहिलं, पाणी दिलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"तू कोठली शे वं, बेटा?"

मी म्हटलं, धरणगावची. त्यांचा चेहरा एकदम उजळला. मग त्यांनी अहिराणीत विचारपूस सुरू केली. घर कुठल्या गल्लीत, शेत किती, यंदा कापूस कसा आला, आई कुठल्या गावची. आणि मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं शुद्ध, पुस्तकी मराठीत देत होते.

याला कारण होतं. घरी आम्ही अहिराणीच बोलायचो. कॉलेजला मी धरणगावहून जळगावला यायला लागले, तेव्हा पहिल्याच वर्षी प्रॅक्टिकलला बाईंनी विचारलं, प्रोग्राम चालतोय का तुझा? मी भाबडेपणाने म्हणाले, चाली राहिना शे. सगळी लॅब हसली. बाईसुद्धा हसल्या, वाईट हेतूने नाही, पण हसल्या. त्या दिवसापासून जळगावच्या हद्दीत मी 'शे' म्हणाले नाही. एसटी पाळधीच्या पुढे आली की माझी जीभ आपोआप बदलायची.

अक्कांना मी दुपारभर शिकवलं. त्या मान डोलवायच्या, वहीत काही लिहायच्या नाहीत आणि माऊसवर ठेवलेला हात लगेच काढून घ्यायच्या. शेवटी त्यांनी माऊस बाजूला सारला आणि मला जे सांगितलं ते मी आजवर विसरले नाही.

"हाई माले इंग्रजीमा दम देस. आपली बोलीमा बोलनं तं मी करसू बठ्ठं."

मी हसले. परतीच्या बसमध्ये मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं, की आपल्या बोलीत बोललं तर त्या सगळं करतील.

बॅच फाइल लिहायला मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, ते मी नोकरीत चुकत-माकत शिकले. ती अगदी गरीब गोष्ट आहे. नोटपॅड उघडायचं, कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञा एकाखाली एक लिहायच्या आणि फाइलच्या नावापुढे डॉट बॅट लावायचं. मग त्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की एक काळी खिडकी उघडते आणि त्या आज्ञा वरून खाली एकेक करून पाळल्या जातात. ज्या कामासाठी चौकटींतून वाट काढावी लागते, ते काम ती न विचारता, न दमता करते. नक्कल काढ, तिला आजच्या वाराचं नाव दे, पेन ड्राइव्हवर टाक, गेल्या आठवड्याची त्याच वाराची नक्कल असेल तर तिच्या जागी ही ठेव. मी आधी तारखेचं नाव द्यायचा प्रयत्न केला होता, पण जळगावच्या मशीनमध्ये तारीख एका क्रमाने लिहिलेली आणि धुळ्याच्या दुसऱ्याच, शिवाय मधल्या तिरप्या रेघा फाइलच्या नावात चालत नाहीत. तारखेच्या भानगडीत माझे कितीतरी दिवस गेले. शेवटी वारावर आले. सोमवार कुठेही सोमवारच असतो.

या फाइलमध्ये एको नावाची एक आज्ञा असते. एको लिहून पुढे जे लिहाल ते काळ्या खिडकीत जसंच्या तसं उमटतं. सगळे लोक तिथे इंग्रजीत काहीतरी लिहितात, कृपया थांबा वगैरे. मीही तेच लिहिलं होतं. त्या आठवड्यात मी ती ओळ पुसली आणि बराच वेळ कर्सरकडे बघत बसले. मग इंग्रजी अक्षरांत, कारण त्या खिडकीला देवनागरी येत नव्हती, मी टाइप केलं: थांब माय, काम चालू शे.

ते पडद्यावर पाहून मलाच कसंतरी झालं. घरचं कुणीतरी ऑफिसात येऊन उभं राहावं तसं. मी इकडेतिकडे पाहिलं, मग पुढच्या ओळी भराभर लिहिल्या. पेन ड्राइव्ह लावलेला नसेल तर: पेन ड्राइव्ह दिसत नही, लावा का? काम झाल्यावर: बठ्ठं व्हई गयं, आते पेन ड्राइव्ह काढ. आणि माहिती परत भरायची जी दुसरी फाइल होती, जी चालवली की मशीनमधलं जुनं पुसून नक्कल त्या जागी बसते, तिच्यात मी सगळ्यात वर लिहिलं: जुनं बठ्ठं पुसाई जाई. खरंच करनं शे का? तिथे ती फाइल थांबायची आणि होय म्हणून अक्षर दाबल्याशिवाय पुढे हलायची नाही.

दोन्ही फाइली घातलेला पेन ड्राइव्ह धुळ्याला जाणाऱ्या आमच्या जीपच्या चालकाकडे दिला. दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला. त्यांना इंग्रजी अक्षरं येत होती, औषधांच्या बाटल्या वाचून वाचून ती पक्की झाली होती. त्यांनी काळ्या खिडकीतली ओळ सावकाश लावून वाचली होती आणि त्या फोनवर नुसत्या हसत होत्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या की सिस्टरला बोलावून दाखवलं, शिपायाला दाखवलं, तपासून घ्यायला आलेल्या दोन म्हाताऱ्यांनाही दाखवलं. त्यानंतर धुळ्याची नक्कल एक दिवसही चुकली नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, काय शिकवलंस गं त्यांना? मी म्हटलं, काही नाही, फाइल थोडी सोपी केली.

मुक्ताईनगरच्या भाऊंना हे कुठून तरी समजलं. त्यांनी मला फोन करून लटक्या रागाने विचारलं की आमच्याकडची बोली काय पाप करून बसली आहे का? तिकडची बोली निराळी, शे तिथे चालत नाही. मग त्यांनी फोनवर एकेक ओळ सांगितली आणि मी ती टाइप करून घेतली, पुन्हा वाचून दाखवली, त्यांनी दोनदा दुरुस्त केली. तसा एक छान खेळच होऊन बसला. कामाचे दिवस होते ते, पण आता मागे वळून पाहिलं की कामापेक्षा असंच काहीबाही आठवतं. दुपारची सामसूम, कूलरचा घरघराट, वाळ्याचा वास, आणि नोटपॅडमध्ये मी एकटीच आईची वाक्यं आठवून आठवून लिहिते आहे.

एक मात्र खरं, लिहायला धीर आला तरी बोलायला आला नव्हता. अक्कांशी फोनवर मी अजून अहो अक्का, तुम्ही अक्का असंच बोलत होते. अहिराणीत आपल्या माणसाला तू म्हणतात, वयाने कितीही मोठं असलं तरी. ते तू माझ्या तोंडून ऑफिसात निघत नव्हतं.

पुढे माझं लग्न झालं, मग दिवस गेले, आणि आठव्या महिन्यात मी बाळंतपणासाठी धरणगावला आईकडे आले. येण्याआधी माझं काम नीट लावून ठेवावं म्हणून मी सगळ्या फाइलींमध्ये टिपा लिहिल्या. बॅच फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला रेम लिहिलं की कॉम्प्युटर ती ओळ सोडून देतो, पडद्यावरही दाखवत नाही. ती फक्त फाइल उघडून पाहणाऱ्या माणसासाठी असते. माझ्या जागी जो कोणी येईल त्याच्यासाठी मी लिहिलं, ही आज्ञा कशासाठी, ही वाट कुठली. आणि धुळ्याच्या दोन्ही फाइलींमध्ये आणखी दोन ओळी घातल्या. त्या लिहिताना फार विचार केला नव्हता.

मे महिन्यात धुळ्याचा कॉम्प्युटर बंद पडला. त्या वर्षीची गरमी सांगायला नको, केंद्राचा कूलर बसला आणि पाठोपाठ मशीनची हार्ड डिस्क गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साक्री आणि शिंदखेडा भागातली शस्त्रक्रिया झालेली माणसं तपासणीला येणार होती, जीपगाड्या ठरल्या होत्या. एका मेकॅनिकने दुसरं मशीन आणून बसवलं, सॉफ्टवेअर टाकलं आणि त्याला दुसरीकडे जायचं होतं म्हणून तो निघून गेला. मशीन चालू होतं, पण कोरं. माझ्या जागी जो मुलगा घेतला होता तो नेमका रजेवर. डॉक्टर शस्त्रक्रियेत. दुपारी आईच्या घरी माझा मोबाइल वाजला.

घरात रेंज यायची नाही म्हणून मी ओट्यावर आले. आईने खाटेवर बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते, त्यांच्या कडेला टेकून बसले. पलीकडून अक्का बोलत होत्या, आवाज अगदी खाली गेलेला. त्यांनी सगळं सांगितलं. मी विचारलं, नक्कल आहे ना? त्या म्हणाल्या, कालची शे, पर्समा शे. पेन ड्राइव्ह त्या रोज स्वतःच्या पर्समध्ये घरी न्यायच्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मग मी त्यांना तो पेन ड्राइव्ह लावून त्यातलीच परत भरायची फाइल चालवायला सांगितली. ती त्यांनी कधीच चालवली नव्हती. आमच्या दोघींत फोन आणि मध्ये पारोळा, एरंडोल. त्या मला एकेक ओळ वाचून दाखवत होत्या.

"जुनं बठ्ठं पुसाई जाई, म्हनस हाई," त्या थांबल्या. "खरंच करनं शे का, इचारस."

मी म्हटलं, जुनं काही नाहीच आहे अक्का, मशीन कोरं आहे, होय म्हणा. त्यांनी अक्षर दाबलं. लगेच दुसरी ओळ आली: पेन ड्राइव्ह दिसत नही, लावा का? पेन ड्राइव्ह लावलेला समोर दिसत होता म्हणून अक्का वैतागल्या. लावा शे, म्हणाल्या, डोयानी दखी र्‍हायनू, हाई खोटं बोलस.

काय झालं असेल ते मला कळलं. जुन्या मशीनमध्ये पेन ड्राइव्हला ओळखीसाठी ई हे अक्षर मिळायचं, नव्या मशीनने त्याला दुसरंच अक्षर दिलं असणार. फाइलमध्ये ते एक अक्षर बदलायला हवं होतं. म्हणजे ती फाइल चालवायची नाही, उघडायची; आतला मजकूर बदलायचा. मी स्वतः तिथे असते तर अर्ध्या मिनिटाचं काम. आणि जी बाई माऊसवरचा हात लगेच काढून घ्यायची तिला मी फोनवरून ते करायला सांगणार होते. एसटीने जायचा विचारही मनात आला, पण आईने माझ्याकडे असं पाहिलं की तो तिथेच संपला.

माझ्या तोंडून निघालं, "अक्का, तू घाबरू नको. मी सांगस तसं कर."

पुढचं सगळं मी अहिराणीतच बोलत गेले. ते मला नंतर आईने सांगितलं तेव्हा समजलं. उजवं बटण दाब, एडिट लिहेल शे का, त्यावर जा. फाइल उघडली. आता वरून वाच म्हटलं, ई अक्षर कुठे आहे ते सापडेपर्यंत. आणि अक्का वरून वाचायला लागल्या. अक्षर अक्षर जुळवत. मधल्या दोन ओळी वाचायला लागल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्या टिपा आहेत, पण आता थांबवणार कसं?

त्या ओळी मी मराठीत, इंग्रजी अक्षरांत लिहिल्या होत्या. ही फाइल अक्कांसाठी आहे. अक्का सावकाश करतात, पण मनापासून करतात. त्या घाबरल्या तर त्यांना रागावू नये.

वाचून झालं.  ओट्यापलीकडून कुणाची तरी बैलगाडी गेली. मग त्यांनी विचारलं,

"हाई कोनले लिखेल शे?"

"मन्ही जागावर जो कोनी येई, त्याले," मी म्हटलं.

  त्यांना राग आला असेल, दुखावल्या असतील, असं मनात आलं. माणसाविषयी त्याच्या पाठीमागे काही लिहिलेलं त्यालाच वाचायला लागणं, मग ते चांगलं का असेना, अवघडच.

"मी आज घाबरनू नही," अक्का म्हणाल्या. आवाज बदललेला होता. "सांग, कोठे बदलनं शे."

त्यांनी ते अक्षर बदललं. फाइल जपून ठेवली. पुन्हा दोनदा क्लिक केलं, पुन्हा खिडकीने विचारलं की खरंच करनं शे का, आणि या वेळी अक्कांनी मला न विचारता अक्षर दाबलं. मग दोघी थांबलो. ते थांबणं फार लांबलं असं आज वाटतं, तेवढं नसेल. आईने मला पाणी आणून दिलं, मी ते हातात धरून बसले. आणि पलीकडून अक्कांनी सावकाश वाचलं, बठ्ठं व्हई गयं. मी म्हटलं, एक नाव टाकून बघ. त्यांनी कापडण्याच्या कुणा आजोबांचं नाव टाकलं. आजोबा आले. डावा डोळा, भिंगाचा नंबर, आणि खाली लाल अक्षरांत, कुठलं औषध द्यायचं नाही ते.

मला रडू आलं. आठव्या महिन्यात रडू लवकर येतं, त्याचं एवढं काही नाही. पण अक्काही रडत होत्या, आणि रडत रडत मला ओरडत होत्या की तू उन्हात बसू नको, आत जा.

दुसऱ्या दिवशीची तपासणी ठरल्याप्रमाणे पार पडली. डॉक्टरांनी धुळ्याला जाऊन अक्कांना सगळ्यांसमोर शाबासकी दिली, असं मला सिस्टरने कळवलं. मला मुलगी झाली तेव्हा अक्का धरणगावला आल्या, हाताने शिवलेलं झबलं आणि डिंकाचे लाडू घेऊन. आईची आणि त्यांची अशी गट्टी जमली की मी आणि बाळ बाजूलाच राहिलो. जाताना त्यांनी बाळाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. मी विचारलं तर म्हणाल्या, ते आम्हा दोघींचं आहे.

रजा संपवून मी कामावर परतले त्या दिवशी डॉक्टर टेबलाशी थांबले, नेहमीचं विचारलं. मी म्हटलं, व्हई गयी, सर. त्यांनी भुवया उंचावल्या, मग तेही हसले. हे हसणं वेगळं होतं. किंवा मी वेगळी झाले होते.

आता त्या फाइली नाहीत. मागच्या वर्षी ट्रस्टने नवीन व्यवस्था घेतली, सगळी माहिती इंटरनेटवरून आपोआप दूर कुठेतरी जाऊन साठते, कुणी काही दाबायचं नाही. ती बसवायला मी एका इंजिनियरसोबत धुळ्याला गेले होते. त्याने जुन्या बॅच फाइली पाहिल्या, आतली वाक्यं वाचली आणि नम्रपणे विचारलं की मॅडम, ही कुठली भाषा? मी सांगितलं. तो विदर्भातला होता, त्याला गंमत वाटली. पुसू का, म्हणाला. मी हो म्हटलं. स्वतःसाठी एक प्रत ठेवावी असं वाटलं होतं, पण ठेवली नाही. ज्या मशीनसाठी लिहिल्या ते मशीनच राहिलं नाही.

काम आटोपून धुळ्यातच देवपूर भागात अक्कांच्या घरी गेले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. मुलगा-सून पुण्याला असतात, त्या तिकडे रमत नाहीत. त्यांनी वांग्याचं भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. नव्या व्यवस्थेचं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, ती काही बोलते का? मी म्हटलं, नाही, ती काहीच विचारत नाही, काम झालं की मोबाइलवर संदेश येतो. अक्कांनी थोडा विचार केला आणि बरं शे म्हणाल्या, पोरींचा वेळ वाचतो. त्यांना त्याची हळहळ वाटली नाही. मलाच वाटत होती.

मग त्या शेजारणीच्या नातवाचं सांगत बसल्या, तो कसा फक्त नूडल्स खातो आणि आजीशी हिंदीत बोलतो. माझी मुलगी काय बोलते, विचारलं. मी म्हटलं, समजतं तिला सगळं, बोलत नाही. अक्कांनी माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं आणि म्हणाल्या, सुट्टीत तिला इकडे सोड. बस सुटायला अजून वेळ होता, म्हणून मी आणखी अर्धी भाकरी घेतली.